केबिनच्या पत्र्यावर दोनदा टकटक

सावकाशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते डेपोतल्या लोकांनी ठेवलं होतं, आणि ठेवणाऱ्यांच्या मनात कौतुकापेक्षा वैतागच जास्त होता. शहर बस चालवताना हा माणूस कुणाच्या पुढे जायचा नाही, पिवळा दिवा लागला की थांबायचा, आणि एखादी म्हातारी चढली तर ती सीटवर बसून, पिशवी मांडीवर घेऊन, पाठ टेकेपर्यंत गाडी हलवायचा नाही. मागच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला यायचा. सावकाशराव आरशात बघून हात दाखवायचे, की बाबा रे, थांब जरा. निवृत्ती तोंडावर आली होती आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या चाकाखाली कोंबडंसुद्धा आलं नव्हतं. शेवटची फेरी करावी, चावी साहेबांच्या हातात द्यावी आणि ताठ मानेने घरी जावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

अशा माणसावर जी घाण उडवली गेली, ती नुसती ऐकूनही अंघोळ करावीशी वाटते.

त्या डेपोत एक जुनी रीत होती. शेवटच्या थांब्यावर गाडी लागली, प्रवासी उतरले आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, की पुढची फेरी सुटेपर्यंत केबिन हे त्याचं घर. आत यायचं तर आधी पत्र्यावर दोनदा टकटक करायची. मग तो तिकीट तपासनीस असो नाहीतर खुद्द डेपोचा साहेब. हा नियम कुणी केला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. आतला माणूस डुलकी काढत असेल, कवळी काढून हिरड्यांना हवा देत असेल, फोनवर बायकोपुढे पडतं घेत असेल. त्याचं तो बघेल. सावकाशरावांच्या गाडीवरची कंडक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती आणि त्यांना काका म्हणायची. दोन्ही हातांत चहाचे कप असले तरी ती कोपराने पत्र्यावर दोन ठोके द्यायची, आणि आतून "ये गं" आल्याशिवाय दार ढकलायची नाही.

त्या घरात सावकाशरावांचं सामान म्हणजे एक पिशवी आणि एक उशी. सीटची गादी दबून पार फळकुट झाली होती, म्हणून बायकोने झोपायच्या खोलीतल्या जुन्या पडद्याची खोळ शिवून त्यांना बूड टेकायला उशी करून दिली होती. निळ्या कापडावर मोठमोठी पिवळी फुलं. इतर ड्रायव्हर चिडवायचे, "काय सावकाशराव, बागेत बसून गाडी चालवता काय?"

आता कॅमेऱ्याचं. बसमध्ये कॅमेरे यावेत म्हणून जीव टाकला तो सावकाशरावांनीच. झालं असं, की एकदा एक स्कूटरवाला फोन कानाला लावून उलट्या बाजूने आला, बसला घासला आणि आडवा झाला. खरचटण्यापलीकडे त्याला काही झालं नाही. पण रस्त्यावर पडलेला माणूस आणि समोर उभी बस एवढं दिसलं की लोकांचा न्याय तयार असतो. सावकाशरावांची कॉलर धरली गेली, शर्टाची बटणं तुटली, आणि चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलं. बसभर माणसं होती, त्यांतलं एकही तोंड उघडलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात खरा प्रकार दिसला म्हणून ते सुटले. जन्मात कधी सभेत न बोललेला हा माणूस त्यानंतर युनियनच्या बैठकीत उभा राहिला. "आपल्या बाजूने बोलणारं कुणीतरी पाहिजे," ते म्हणाले. "माणसं बोलत नाहीत. निदान यंत्र तरी बोलेल." सगळ्यांना पटलं.

यथावकाश डबे आले. मुठीएवढे, काळे, पुढच्या काचेला आतून चिकटवलेले. सावकाशरावांनी सगळ्यांना स्वतःच्या खिशातून चहा पाजला. पण डब्याला भिंगं दोन निघाली: एक रस्त्याकडे बघणारं, दुसरं आत, ड्रायव्हरकडे. हे आतलं कशाला? साहेब म्हणाले, गाडी चालवताना डुलकी लागली तर कळावं म्हणून. त्यात वावगं काय, सगळ्यांनी माना डोलावल्या. तरी एकाने डबे बसवणाऱ्या मेकॅनिकला बाजूला घेऊन विचारलंच, "आणि शेवटच्या थांब्यावर?"

मेकॅनिकने चावी फिरवली. इंजिन गप्प झालं, पंखा गप्प झाला आणि डब्यावरचा बारीक लाल दिवाही विझला. "चावी बंद, डबा बंद," तो म्हणाला.

ड्रायव्हर लोकांना तेवढं पुरलं. कचेरीतल्या कुणाला शंका आली असती, कारण ते लोक यंत्रांना बिचकून असतात. पण या लोकांचं अख्खं आयुष्य चावीवर चाललेलं. चावी फिरवली की वायपर थांबतात, पंखा थांबतो, गाडी मरते; आणि मेलेली गाडी कुणाकडे बघत नाही. चावीने त्यांना कधीच दगा दिला नव्हता. म्हणून सगळ्यांनी त्या विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवला, आणि सगळ्यांच्या आधी सावकाशरावांनी.

त्यांना रक्तदाब होता. त्यासाठी रोज सकाळी एक गोळी, अंगातलं पाणी काढून टाकणारी. ती घेतली की दुपारपर्यंत माणसाला चैन पडत नाही. शेवटच्या थांब्यावर संडास होता. होता म्हणजे भिंती होत्या, दार होतं आणि दाराला कुलूप होतं. किल्ली तिथल्या चौकीतल्या माणसाकडे असायची. खर्च वाचवायला ती चौकी बंद केली, माणूस दुसरीकडे धाडला, आणि किल्ली कुठे गेली ते देव जाणे. सावकाशरावांनी साहेबांच्या कानावर घातलं. "बघतो," साहेब म्हणाले. पुन्हा घातलं, पुन्हा "बघतो." साहेबांचं ते बघणं काही संपलं नाही.

समोर शाळेची भिंत होती. भिंतीशी उभं राहायचं तर सावकाशरावांना मेलं तरी जमलं नसतं. मग राहिलं काय? चावी बंद करायची, केबिनचे पडदे ओढायचे, दोन्ही आरशांत कुणी येत नाही ना ते बघायचं, आणि पिशवीतली रुंद तोंडाची बाटली काढायची. झाकण घट्ट लावायचं, डेपोत गेल्यावर धुवायची. हे करताना दर वेळी त्यांना स्वतःचीच शिसारी यायची. कंडक्टरचे हाल तर याहून वाईट. ती फेऱ्या संपेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. उन्हाने ओठ फुटलेले असायचे आणि गळ्यातल्या पिशवीत पाण्याची बाटली भरलेली तशीच.

एका संध्याकाळी सावकाशराव घरी येऊन हातपाय धूत होते. बायको ओट्याशी उभी राहून फोन बघत होती आणि खुदुखुदु हसत होती. तिच्या भावाने काहीतरी पाठवलं होतं. "अहो, बघा तरी," तिने फोन पुढे केला. "काय एकेक लोक असतात!"

पडद्यावर बसची केबिन होती. ड्रायव्हरच्या तोंडावर कुणीतरी दात काढणाऱ्या माकडाचं चित्र चिकटवलं होतं. मधला भाग धूसर केला होता, म्हणजे सभ्यपणाही राहावा आणि काय चाललंय तेही कळावं. वर धबधब्याचा आवाज घातला होता.

तिचं हसू मध्येच थांबलं. सावकाशरावांना आधी कळेना काय झालं, कारण ते माकडाकडे बघत होते. ती सीटकडे बघत होती. निळ्या कापडावर मोठमोठी पिवळी फुलं.

तिने फोन ओट्यावर पालथा घातला, पातेल्यावर झाकण ठेवलं, गॅस बारीक केला. "जेवून घ्या," एवढंच म्हणाली. घास त्यांच्या तोंडात फिरत राहिला. बाटलीचं त्यांना तितकं वाटलं नाही. पण ही हसली होती, खुदुखुदु हसली होती, आणि ते हसू आपल्यावर होतं, हे काही केल्या गिळवेना. मेहुणा हसला असेल. मेहुण्याने अजून किती जणांना पाठवलं असेल, तेही हसले असतील. साठीला आलेला माणूस, आणि सगळ्या गोतावळ्यापुढे त्याला असा उघडा पाडला.

दुसऱ्या दिवशी डेपोत कुणी त्यांच्या डोळ्याला डोळा देईना. माकडाने बाहेरच्यांना फसवलं असेल. त्या उशीला डेपोतला झाडूवालासुद्धा ओळखत होता. मेकॅनिक सावकाशरावांना बघून बसखाली शिरला. त्यांनी वाकून विचारलं, "काय रे, चावी बंद, डबा बंद ना?"

"काका, शपथ, मला पण आता कळलं," तो खालूनच म्हणाला. "लाल दिवा तेवढा चावीवर आहे. भिंग थेट बॅटरीवर जोडायला सांगितलं होतं. म्हणे, उभ्या गाडीतलं काही चोरीला गेलं तर दिसायला पाहिजे."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. कंट्रोल रूममध्ये एक तरुण गडी पडद्यांपुढे बसायचा. गाडी उभी असताना केबिनमध्ये हालचाल झाली की त्याला घंटी वाजून कळायचं. काम तेवढंच; चोर नसेल तर पुढे जायचं. पण हा पुढे जायचा नाही. त्याने साठा केला होता. नाकात बोट घालणारे एकीकडे, झोपेत लाळ गाळणारे एकीकडे. एक ड्रायव्हर बहीण वारल्याचा फोन आला तेव्हा स्टिअरिंगवर डोकं आपटून रडला होता. तेही त्यात होतं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून पाच-सहा जण हे बघत बसायचे आणि बघता बघता जेवायचे. तोंडात घास असताना हे बघवत कसं असेल, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

"झालं समाधान?" एक जुना ड्रायव्हर सावकाशरावांना तोडून बोलला. "तुझीच हौस होती. यंत्र बोलेल म्हणालास. घे, बोललं."

सावकाशराव गाडीवर जाऊन बसले. पुढे शेवटच्या थांब्यावर पत्र्यावर दोनदा टकटक झाली. कंडक्टर चहा घेऊन उभी होती. "काका, मलाही आलाय तो व्हिडिओ," ती खाली बघत म्हणाली. "पण मी उघडला नाही." उघडला नसता तर त्यात काय आहे हे तिला कसं कळलं असतं, हा प्रश्न सावकाशरावांनी विचारला नाही. तिने त्यांच्यासाठी खोटं बोलायची तसदी घेतली, तेवढ्यावरच त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून तेही पाणी पिईनासे झाले. गोळीही चुकवू लागले. चक्कर यायची, पण बाटली काही पिशवीतून बाहेर निघाली नाही.

आणि मग चौकशी लागली. व्हिडिओ बाहेर कसा गेला याची नव्हे. बाटलीची! सार्वजनिक वाहनात असभ्य वर्तन. दोष सिद्ध झाला तर गाडीवरून उतरवायचं आणि निवृत्तीपर्यंत डेपोच्या फाटकावर बसवायचं. म्हणजे रोज सकाळी बाहेर पडणारी प्रत्येक बस त्यांच्यासमोरून जाणार आणि प्रत्येक खिडकीतून कुणीतरी दात काढणार. एवढी वर्षं सांभाळलेल्या नावाचा शेवट 'बाटलीवाला' असा होणार.

चौकशीच्या दिवशी सकाळी निघताना बायकोने त्यांना थांबवलं. तिच्या हातात ती उशी होती. सावकाशरावांनी ती आणून कपाटामागे कोंबली होती. हिने काढून खोळ धुतली होती, इस्त्री केली होती.

"लपवलीत कशाला?" ती म्हणाली.

"अगं, त्या उशीमुळेच तर..."

"हसले ते माझं चुकलं. ते मी माझ्या भावालाही सांगितलंय, आणि वर त्याला चांगला झापलाय. पण तुमचं काय चुकलं ते सांगा मला." ते चपलांत पाय घालू लागले. "मग घेऊन जा ही. त्यांच्या खुर्चीवर घाला आणि वर बसा."

साहेबांच्या खोलीत चौघं होते: साहेब, मोठ्या कचेरीतून आलेल्या एक मॅडम, कॅमेरे पुरवणाऱ्या कंपनीचा टाय लावलेला माणूस, आणि चित्र दाखवायला कंट्रोल रूममधला तोच तरुण. टेबलावर चहा होता, बिस्किटांची बशी होती. सावकाशरावांनी खुर्चीवर उशी ठेवली, पिशवी पायाशी ठेवली आणि बसले. त्यांनी सकाळी गोळी घेतली होती, बऱ्याच दिवसांनी. बायकोने पुढ्यात उभं राहून घ्यायला लावली होती.

भिंतीवरचा मोठा पडदा उजळला. या वेळी माकड नव्हतं. सावकाशरावांनी स्वतःला पाहिलं. पडद्यावरचा म्हातारा चावी फिरवतो. विझलेल्या लाल दिव्याकडे एकदा बघून खात्री करतो. एक पडदा ओढतो, दुसरा ओढतो, आरशात डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. किती जपून करत होता बिचारा सगळं. सावकाशरावांना त्याची दया आली. आणि इथे चार माणसं बिस्किट चहात बुडवून त्याच्या पट्ट्याकडे बघत होती. टायवाल्याचं बिस्किट कपात गळून पडलं. त्याने ते चमच्याने काढून खाल्लं, नजर पडद्यावरून न हलवता.

"हे तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं. "ओळख पटवणं गरजेचं आहे."

सावकाशराव अर्धवट उठले, खालची उशी काढून सगळ्यांना दाखवली आणि परत घालून बसले.

त्या तरुणाने चित्र नको तिथे थांबवलं. खाकरला, पण ते खाकरणं नव्हतं, हसू होतं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला घरी मुलीबाळी आहेत ना? काही वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं, म्हणून तर पडदे ओढले," सावकाशराव म्हणाले. "तिथल्या संडासाला कुलूप आहे, मॅडम. साहेबांना विचारा."

साहेबांनी तो विषय माशी हाकलावी तसा हाताने हाकलला. "तो वेगळा विषय आहे. आपण सहानुभूतीने घेतोय. या कागदावर लिहिलंय, की चूक झाली, पुन्हा करणार नाही. सही करा आणि विषय संपला. नाहीतर मग फाटक आहेच."

पुन्हा करणार नाही! सावकाशराव कागदाकडे बघत राहिले. पुन्हा घाम येऊ देणार नाही, असं कुणी लिहून देतं का? त्यांनी मांडी आवळली. गोळीने आपलं काम सुरू केलं होतं. साहेबांच्या खुर्चीमागे त्यांच्या स्वतःच्या बाथरूमचं दार होतं, अर्धवट उघडं, आतला टॉवेल दिसत होता.

"साहेब, जरा जाऊन येऊ का?"

"आधी सही करा. मग कुठे जायचं तिकडे जा."

"राहवत नाही, साहेब."

"दोन मिनिटं कळ काढा हो," टायवाला हसत म्हणाला. तरुणही हसला, या वेळी खाकरायची तसदी न घेता.

तेव्हा मात्र सावकाशरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते वाकले. पिशवीतून ती बाटली काढली, धुतलेली, रुंद तोंडाची, आणि बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवली. झाकण फिरवून काढलं. उभे राहिले आणि पट्ट्याला हात घातला.

खुर्च्या करकरल्या. "अहो! अहो, हे काय! शी!" मॅडम उठून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. टायवाला भिंतीकडे वळला. साहेबांनी डोळ्यांपुढे हात धरला. तरुणाने मान खाली घातली ती पार गुडघ्यांत.

सावकाशरावांचा हात पट्ट्यावरच होता. त्याच्यापुढे तो जाणारही नव्हता. त्यांनी एकेकाकडे नीट बघून घेतलं. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"म्हणजे येतं तुम्हाला तोंड फिरवता," ते म्हणाले. "मला वाटलं, येतच नाही."

मागे पडद्यावर ते चित्र अजून तसंच थांबलेलं होतं. "बंद कर रे ते आधी," साहेब डोळ्यांवरचा हात न काढता तरुणावर खेकसले. पडदा काळा झाला.

सावकाशरावांनी बाटलीला झाकण लावलं, ती पिशवीत ठेवली. कागद सहीवाचून तिथेच राहिला. ते टेबलाला वळसा घालून साहेबांच्या बाथरूमपाशी गेले. आत कुणी नाही हे उघड्या दारातून दिसत होतं. तरी त्यांनी दारावर दोनदा टकटक केली, क्षणभर थांबले आणि मगच आत गेले.